सतराव्या मजल्यावरचा समुद्र

माझ्या वन्संना पुस्तकांतलं सगळ्यात जास्त काय कळतं, तर ती कुठे फाटतात ते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. गेली सव्वीस वर्षं त्या वाचनालयाची पुस्तकं बांधतात. आमच्या घराची पुढची खोली त्यांची. तिथे पुठ्ठे, कापडाच्या पट्ट्या, खळीचं भांडं आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. पाहुणे आले की त्यांना बसायला जागा नसते, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे कमी. या एका उपकारासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

वन्संचं म्हणणं असं, की प्रेमकथा मधोमध उसवतात, कारण एक ठराविक पान सगळ्यांना पुन्हा पुन्हा उघडायचं असतं. पाककृतींची पुस्तकं तेलाच्या डागांनी मरतात. आत्मचरित्रं फाटतच नाहीत, जशी गेली तशी परत येतात, बिचारी. आणि रहस्यकथा फाटतात शेवटाकडून. शेवटच्या वीस पानांत माणूस पान उलटत नाही, ओरबाडतो.

आणि रहस्यकथांचा खरा हंगाम म्हणजे उन्हाळ्याचे शेवटचे पंधरा दिवस. सुट्टी लागते तेव्हा लोक मोठ्या उमेदीने जाडजूड इतिहास घरी नेतात. पुढे उमेद वितळत जाते. शेवटी शेवटी पंखे नुसती गरम हवा इकडची तिकडे करत असतात, कुणाला काही शिकायचं नसतं, सुधारायचं तर अजिबात नसतं. माणसाला फक्त एक खून हवा असतो, आणि खुनी संध्याकाळच्या चहाच्या आत सापडायला हवा असतो. मग कपाटातल्या जुन्या रहस्यकथांवर झुंबड उडते, चार दिवसांत त्यांची लक्तरं होतात, आणि ती लक्तरं आमच्या पुढच्या खोलीत येऊन पडतात.

यंदा मात्र लक्तरांबरोबर एक अटही आली. वाचनालयाच्या अध्यक्षांनी कुठल्याशा छापखान्यातलं नवं यंत्र पाहिलं होतं. ते पुस्तकाची पाठ सपकन कापतं, गरम गोंद लावतं आणि दोन मिनिटांत पुस्तक तयार. शिलाई नाही, दोरा नाही, वन्सं नाहीत. अध्यक्ष म्हणाले, "बाई, उन्हाळा संपायच्या आत चाळीस रहस्यकथा बांधून द्या. एकाही वाचकाची तक्रार आली नाही, तर काम तुमच्याकडेच. एक जरी आली, तर सोमवारच्या सभेत यंत्राचा ठराव."

वन्सं घरी आल्या त्या जेवल्याच नाहीत. मी म्हटलं, "वन्सं, काम गेलं म्हणून आपण काही उपाशी मरत नाही." त्या म्हणाल्या, "मास्तरीण, पोटाचं नाही गं. सकाळी उठून मी काय करू?" 

त्या मला मास्तरीण म्हणतात, कारण मी गाडी चालवायला शिकवते. पांढरी गाडी, वर लाल अक्षरांत 'शिकाऊ', आणि माझ्या पायाखाली जादा ब्रेक. दिवसभर लोकांचे जीव वाचवून मी दमून घरी येते, तर घरात ही बाई दाभण घेऊन बसलेली.

दहा दिवस त्या पुस्तकं शिवत बसल्या होत्या. पहाटे सुरुवात, दुपारी डुलकी नाही, बोटांना पट्ट्या. शुक्रवारपर्यंत अडतीस पुस्तकं वाचनालयात पोचली. एकही तक्रार नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

शनिवारी दुपारी साडेतीनला मी घरी आले, तर वन्सं खोलीच्या मधोमध उभ्या. हातात छापील पानांची एक घडी, आणि चेहरा त्याच पानांसारखा पिवळट.

"मास्तरीण," त्या म्हणाल्या, "मी घोटाळा केला."

झालं होतं ते असं. पुस्तक छापतात ते सुटी पानं जोडून नव्हे. मोठा कागद छापून त्याची सोळा पानांची घडी घालतात. तिला म्हणतात फर्मा. बारा फर्मे एकावर एक शिवले की एकशे ब्याण्णव पानांचं पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो. बांधणारा मजकूर वाचत बसत नाही, एक ते बारा आकडे लावतो आणि शिवतो. शहाणे छापखाने आकड्याबरोबर पुस्तकाचं नावही टाकतात. हा छापखाना शहाणा नव्हता.

बुधवारी वन्संच्या पुढ्यात एकाच मालिकेतली दोन पुस्तकं उसवलेली पडली होती. 'सतराव्या मजल्यावरचा पाहुणा' आणि 'दीपगृहातली ओली पावलं'. तोच आकार, तोच टाइप, तोच सिगारेट ओढणारा इन्स्पेक्टर, दोन्हींचे बारा-बारा फर्मे. आज 'सतराव्या मजल्या'ची दुसरी प्रत शिवायला घेतली, तर बाराव्या फर्म्यावर लिफ्टचं चित्र. वन्संच्या डोक्यात टक्कन वाजलं. बुधवारी याच जागी होडी होती!

"म्हणजे दोघांचे शेवट..."

"अदलाबदल," वन्सं म्हणाल्या आणि मटकन शिकंज्यावर बसल्या. मग तिथे बसवत नाही म्हणून लगेच उठल्या.

मी दुसरी प्रत ओढून घेतली. एकशे शहात्तराव्या पानाची शेवटची ओळ होती, 'इन्स्पेक्टरने पिस्तूल सरसावलं, सतराव्या मजल्यावरचं ते दार लाथेने उघडलं आणि'. पान संपलं. "आणि दीपगृहाचा बारावा फर्मा कसा सुरू होतो, आठवतंय?"

वन्संनी डोळे मिटले. "समोर खवळलेला समुद्र पसरला होता."

मला हसू येऊ नये म्हणून मी जीभ चावली. चांगली जोरात चावली. पण सतराव्या मजल्यावरच्या त्या समुद्रापुढे जिभेचं काय चालणार? मी खो खो हसले, वन्संनी माझ्या पाठीत पुठ्ठा घातला, आणि मग त्याही हसल्या, रडल्या, पुन्हा हसल्या. मग म्हणाल्या, "लोक एकशे सत्याहत्तराव्या पानावर पोचायच्या आत पुस्तकं परत आणायची. चल."

पण चल म्हणजे कुठे? पुस्तकं कुणाकडे गेली ते फक्त ग्रंथपालबाईंना ठाऊक. आणि दैव पाहा, ग्रंथपालबाईंचा ड्रायव्हिंगचा तास चार वाजता माझ्याकडेच होता.

या बाई म्हणजे नियमाचं चालतं बोलतं पुस्तक. वाचनालयात शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकतात. एकवीस तास शिकून त्या अजून दुसऱ्या गिअरच्या पुढे गेल्या नव्हत्या, कारण तिसऱ्यात गाडी "उगाच उत्साहात येते". त्यांना खरं सांगितलं तर त्या जागच्या जागी तक्रार लिहून घेतील, हे आम्हा दोघींना न बोलता कळलं.

बाई आल्या. आरसा पुसला. वन्सं मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"या कशा?" बाईंनी विचारलं.

"हवा खायला," वन्सं म्हणाल्या. बाहेर हवा अशी होती की कुत्रीसुद्धा गाडीखालून हलत नव्हती.

गाडी निघाली. पायी चाललेला एक माणूस आमच्या पुढे गेला. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय बाई, या उन्हाळ्यात सगळे खुनाचंच वाचतायत म्हणे? आता बघा, ते दीपगृहाचं पुस्तक, ते कुणी नेलं असेल बरं?"

"दंतवैद्यांनी. काल," बाई रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "का?"

"काही नाही. आणि ते सतराव्या मजल्याचं?"

"ते अध्यक्षांनीच नेलंय, गुरुवारी. शिलाई तपासायला. आणि वाचायला."

ज्यांनी अट घातली त्यांच्याच हातात समुद्र! वन्सं सावरून म्हणाल्या, "अध्यक्ष हळू वाचतात ना हो?"

"ते फक्त चहाबरोबर वाचतात. चहाला वीस पानं. दिवसाला तीन चहा." बाईंनी आरशातून मागे पाहिलं. "तुम्हाला घाम का आलाय?"

चोराच्या मनात चांदणं. वन्सं पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "हवाच तशी आहे." मी बोटांवर हिशेब केला. गुरुवारचे दोन चहा, शुक्रवारचे तीन, आज सकाळ-दुपारचे दोन. सात वीसे एकशे चाळीस. वेळ होता! दंतवैद्याचं मात्र काही सांगता येत नव्हतं. "बाई, आज आपण वळणं शिकू," मी म्हटलं. "डावीकडे घ्या. दवाखान्याची गल्ली वळायला फार छान आहे."

दंतवैद्याच्या खुर्चीत एक लठ्ठ गृहस्थ तोंडात कापसाचे बोळे घालून पसरले होते. भूल चढायला दहा मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात वैद्यबुवा पुस्तक वाचतात, तेही मोठ्याने, म्हणजे पेशंटचं लक्ष सुईवरून उडतं. आम्ही शिरलो तेव्हा ते वाचत होते, "'ओली पावलं जिन्यावरून वर गेली होती. खाली मात्र एकही आलं नव्हतं.'" खुर्चीतल्या गृहस्थांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली होती. दाढेसाठी नव्हे.

"थांबा!" वन्सं ओरडल्या. "कितवं पान?"

"एकशे एकाहत्तर. का?"

"शिलाई बघायचीय. द्या इकडे."

दंतवैद्याने पुस्तक छातीशी धरलं. "खुनी सापडल्याशिवाय मिळणार नाही. काल दुपारपासून सात दाढा काढल्यात मी याच्यावर." खुर्चीतून "उं! उं!" असा कडक पाठिंबा मिळाला.

वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग सरळ म्हणाल्या, "सहा पानांनी तुमचं दीपगृह लिफ्टमध्ये अडकणार आहे, डॉक्टर. मी शेवट उलटे शिवलेत. याचा शेवट दुसऱ्या पुस्तकात गेलाय. द्या, मी आजच नीट करून आणते."

दंतवैद्याने आधी एकशे सत्याहत्तरावं पान उघडून खात्री केली. मग तो इतका हसला की चष्मा गळून पेशंटच्या पोटावर पडला. पुस्तक दिलं. "सातच्या आत आणा," तो म्हणाला, "नाहीतर हे घरी जाणार नाहीत." गृहस्थांनी मान हलवली.

आम्ही वळलो, तर दारात ग्रंथपालबाई. हातात गाडीची किल्ली. सगळं ऐकलेलं.

माझी पाचावर धारण बसली. वन्संनी पुस्तक पाठीमागे लपवलं, जणू त्याने काही होणार होतं. बाईंनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "सव्वीस वर्षं," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत तुम्ही बांधलेल्या एका पुस्तकाचं एक पान सुटलं नाही. माझ्या नोंदवहीत आहे ते." मग घड्याळ पाहिलं. "अध्यक्षांचा चहा साडेचारला. चार वीस झाले. बसा गाडीत."

आणि त्या बाईंनी गाडी तिसऱ्यात टाकली. देवाशपथ सांगते, तिसऱ्यात! माझा पाय ब्रेकवर होता, पण दाबायची छाती झाली नाही. भाजीची एक हातगाडी, दोन सायकली आणि शाळेची भिंत आमच्या अगदी जवळून गेली. बाई पुटपुटत होत्या, "आरसा, इशारा, वळण. आरसा, इशारा, वळण." मागे वन्संनी पुस्तक पोटाशी धरून डोळे मिटले होते. मला भीती वाटत होती आणि तरी इतकी मजा येत होती, की परवाना देणाऱ्यांनी पाहिलं असतं तर माझाच परवाना गेला असता.

अध्यक्षांचं घर. दार त्यांच्या पत्नीने उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "आज सकाळपासून पाच चहा झालेत," त्या कुजबुजल्या. "तासाभरापूर्वी पुस्तक संपलं. तेव्हापासून येरझाऱ्या घालतायत."

पाच चहा! माझा सगळा हिशेब चहात बुडाला.

अध्यक्षांबद्दल एक सांगायला हवं. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत त्यांचा एकही अंदाज कधी खरा ठरला नाही असं लोक म्हणतात, आणि लोक छत्री घेऊन म्हणतात. त्यांच्या पत्नीने त्या दोन मिनिटांत आम्हाला हेही सांगितलं, की निवृत्तीनंतर ते प्रत्येक रहस्यकथेच्या साठाव्या पानावर थांबतात, खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहितात आणि चिठ्ठी पाकिटात बंद करून पत्नीकडे देतात. आतापर्यंत एकतीस पाकिटं झाली. "एकतीसही चुकली," त्या म्हणाल्या. "मी त्यांना सांगत नाही की मी मोजते."

आत अध्यक्ष आम्हाला पाहून हात पसरून आले. चेहरा उजळलेला, केस उभे. "बाई! काय पुस्तक आहे! सतराव्या मजल्यावर दार उघडतो आणि समोर समुद्र! समुद्र, बाई! आणि खुनी कोण? दिवा लावणारा म्हातारा! एकशे शहात्तर पानांत जो एकदाही आलेला नाही! कोण ओळखणार? मी काय, कुणीच ओळखू शकत नाही!" पुस्तक त्यांनी फडफडवलं. "आणि शिलाई? टाक न् टाक पाहिला. एक दोष नाही. सोमवारी सभेत मी स्वतः सांगणार. यंत्र गेलं खड्ड्यात."

ग्रंथपालबाई छताकडे पाहायला लागल्या. मी वन्संचा पदर खाली ओढला, म्हणजे गप्प बसा. आता फक्त गप्प बसायचं होतं. अध्यक्ष खूश, काम पक्कं, समुद्र आहे तिथे राहू दे, कुणाचं काय बिघडतंय? मी त्यांच्या जागी असते तर चहा मागितला असता.

वन्संनी माझ्या हातातून पदर सोडवून घेतला.

"साहेब, तो म्हातारा या पुस्तकातला नाही," त्या म्हणाल्या. "समुद्रही नाही. ते माझ्या हातून झालंय." आणि सगळं सांगितलं. आकडे, फर्मे, होडी, लिफ्ट, दंतवैद्य.

अध्यक्षांचे हात हळूहळू खाली आले. ते खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस एकदम लहान दिसायला लागला, आणि मला वन्संचा रागच आला. कशाला, कशाला ही हौस?

"म्हणजे चूक झाली," ते म्हणाले.

"झाली. टेबल देता का?"

वन्संनी पिशवीतून पातं, सुई, मेण लावलेला दोरा आणि खळीची डबी काढली. जेवणाच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं उघडली, शेवटची शिलाई अलगद उसवली, फर्मे काढले, जागच्या जागी ठेवले आणि शिवायला बसल्या. सुई आत, बाहेर, दोरा ताण, गाठ. पाव तासात 'सतराव्या मजल्या'ला त्याचा शेवट मिळाला. त्यांनी पुस्तक अध्यक्षांच्या हातात दिलं. "खळ ओली आहे, पाठ फार ताणू नका. वाचा. मग सभेत काय सांगायचं ते ठरवा."

अध्यक्ष वाचायला लागले. आम्ही तिघी ओळीत उभ्या, निकालाची वाट बघत. पण त्यांच्या पत्नीने चहा आणून ठेवला तोही त्यांना दिसला नाही. आम्ही तर नाहीच. एक पान. दुसरं. पाय हलायला लागला. दहाव्या पानावर त्यांनी चष्मा वर सरकवला, पुन्हा खाली घेतला. चौदाव्यावर एकदम पत्नीकडे पाहिलं, म्हणाले, "पाकीट."

त्यांनी पाकीट आणून दिलं. अध्यक्षांनी फाडलं, चिठ्ठी काढली, पुस्तकाशेजारी धरली. मग चिठ्ठी आमच्यापुढे नाचवली. थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं, 'डॉक्टरीणबाई. इंजेक्शन.'

"डॉक्टरीणबाई!" ते ओरडले. "इंजेक्शनने! साठाव्या पानावर! मी सांगितलं होतं! अगं, मी सांगितलं होतं!" आणि हा निवृत्त अधिकारी आधी पत्नीभोवती एक गिरकी घेऊन आला, मग खिडकी उघडून शेजाऱ्याला "माझा अंदाज बरोबर आला!" असं ओरडला. शेजारी बाहेर आला, आभाळाकडे पाहिलं आणि दोरीवरचे कपडे काढायला लागला.

हसून हसून माझे डोळे भरले. ग्रंथपालबाई भिंतीला टेकून हसत होत्या, आणि आवाज करून हसत होत्या.

अध्यक्ष जरा शांत झाल्यावर वन्संसमोर उभे राहिले. "बाई, तुम्ही गप्प बसला असता तर मी मरेपर्यंत चुकलोच होतो," ते म्हणाले. "आणि यंत्राने बांधलं असतं, तर ते गोंदातलं पुस्तक उसवून पुन्हा नीट करताच आलं नसतं. सोमवारी मी सभेत सगळं सांगतो, चुकीसकट. कुणाला ठराव मांडायचा असेल तर आधी माझ्याशी बोलावं लागेल. पुढच्या उन्हाळ्याची पुस्तकं तुमच्याकडेच येतील." मग त्यांनी ते पुस्तक छातीशी धरलं. "हे मात्र आणखी दोन दिवस ठेवतो."

वन्संनी मान डोलावली. थँक्यू नाही, काही नाही. दीपगृहाचं पुस्तक काखेत मारलं, आणि आम्ही दंतवैद्याकडे निघालो.

गाडीत त्या काचेला डोकं टेकून बसल्या. मला वाटलं, आता धसका बाहेर पडणार, आता रडणार. मी मागे वळून म्हटलं, "वन्सं, झालं ना हो मनासारखं? काम राहिलं."

"ते राहिलं गं," त्या म्हणाल्या. खिडकीबाहेर पाहत होत्या. "मास्तरीण, तू त्यांना वाचताना पाहिलंस? सव्वीस वर्षं पुस्तक माझ्याकडे फाटून येतं आणि शिवून जातं. मधे त्याचं काय होतं, ते मी कधी बघितलंच नव्हतं. ओठ हलत होते गं त्यांचे."

दवाखान्यापर्यंत त्या पुस्तकावर हात ठेवून बसल्या होत्या, आणि पोचल्यावर मला म्हणाल्या, "तू जा हवं तर घरी. डॉक्टर शेवट वाचेपर्यंत मी इथेच बाकावर बसते."